तारेचा चाफा: रूथ असावा यांच्या पद्धतीने एक झाड बांधताना

तारेचे झाड करायचे म्हटले की बहुतेक जण आधी खोड उभे करतात आणि मग त्याला एकेक फांदी गुंडाळत जातात. अशा झाडाच्या फांद्या पाहताक्षणी उपऱ्या वाटतात, कारण त्या खरोखरच बाहेरून आणून लावलेल्या असतात. खऱ्या झाडात खोडात जे असते त्याचीच पुढे फांद्यांत वाटणी होत जाते. हे तत्त्व तारेत फार सरळपणे उतरवले ते अमेरिकन शिल्पकार रूथ असावा (१९२६–२०१३) यांनी. या लेखात त्यांच्या बांधणीच्या पद्धतीने, घरच्या टेबलावर, हातभर उंचीचा एक निष्पर्ण चाफा कसा करावा हे क्रमाने सांगितले आहे. जोडकाम, वेल्डिंग किंवा डाग देणे (सोल्डरिंग) यांपैकी काहीही त्यात लागत नाही.

असावा यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या जपानी स्थलांतरित शेतकरी कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या इतर हजारो अमेरिकनांप्रमाणे त्यांचीही रवानगी स्थानबद्धतेच्या छावणीत झाली. पुढे १९४६ पासून त्या नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स यांच्याकडे शिकल्या. १९४७ साली मेक्सिकोतल्या तोलुका येथे असताना तिथल्या कारागिरांची तारेच्या टोपल्या विणण्याची रीत त्यांनी उचलली आणि तिच्यातून एकात एक सामावलेले, छताला टांगलेले पोकळ आकार घडवले. त्यांची ख्याती मुख्यतः या विणलेल्या शिल्पांमुळे आहे. आपल्याला हवी असलेली पद्धत मात्र नंतरची, १९६२ मधली आहे. डेथ व्हॅलीच्या वाळवंटातून आणलेली एक वाळकी वनस्पती त्यांना भेट मिळाली होती. तिचे चित्र काढायला त्या बसल्या, पण फाट्यांचा गुंता कागदावर उतरेना, तेव्हा तो समजून घेण्यासाठी त्यांनी ती वनस्पती तारेत बांधून पाहिली. मधोमध तारांची एक जुडी घ्यायची, ती विभागायची, प्रत्येक भाग पुन्हा विभागायचा आणि दर फाट्यावर तारेनेच बांधून घ्यायचे, ही ती रीत. पुढे अनेक वर्षे त्यांनी शेकडो तारांच्या जुड्या घेऊन अशी शिल्पे केली.

चाफाच का

पहिल्या प्रयोगाला वड किंवा चिंच घेऊ नये. त्यांच्या बारीक फांद्या मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येत नाही ते या पद्धतीत बांधता येत नाही. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफा मात्र यासाठी जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे. महाराष्ट्रात हिवाळा सरता सरता त्याची पाने गळतात आणि सांगाडा उघडा पडतो. त्याचा फुलोरा फांदीच्या टोकाशी येतो, त्यामुळे त्या फांदीची सरळ वाढ तिथेच थांबते आणि फुलोऱ्याच्या खालून दोन किंवा तीन नवे फाटे फुटतात. पुढे तेही फुलले की त्यांचेही तसेच होते. सबंध झाड या एकाच नियमाने वाढलेले असल्यामुळे त्याचे फाटे बोट ठेवून मोजता येतात. आणखी एक सोय अशी की चाफ्याची टोके बोथट आणि जाड असतात, त्यामुळे जुडी शेवटच्या सुट्या तारेपर्यंत फोडत बसावे लागत नाही. (चाफ्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका आहे. असावा तारेचे काम जिथे शिकल्या त्याच बाजूचे हे झाड आपण इतके आपलेसे केले आहे की ते परदेशी म्हटले तर कुणाला पटत नाही.)

झाडासमोर उभे राहून बाह्यरेषेचे चित्र काढण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी वंशावळ लिहितात तशी फाट्यांची नोंद करावी: खोडापासून तीन फाटे, पहिल्यापासून दोन, त्यांतल्या डाव्यापासून तीन, असे टोकापर्यंत. प्रत्येक फाट्यापुढे दोन गोष्टी लिहाव्यात, फांदी आधीच्या फांदीच्या मानाने आखूड आहे की लांब, आणि फुटल्यावर ती कुठे वळते. चाफ्याच्या फांद्या आधी बाहेर आडव्या जातात आणि मग कोपरातून वळल्यासारख्या वर चढतात. हे वळण चुकले तर बाकीची बांधणी कितीही नेटकी असली तरी झाड चाफ्याचे वाटत नाही. सबंध झाडाची नोंद करण्याची गरज नसते. सोळा टोकांचा एक भाग पुरे होतो. जाता जाता फांदी जवळूनही पाहावी. गळालेल्या पानांच्या देठांचे वण तिच्या अंगभर दाटीने उमटलेले असतात, आणि त्यांचा आपल्याला शेवटी उपयोग करायचा आहे.

तार आणि हत्यारे

स्लॅबच्या सळया बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर शिकण्यासाठी सर्वांत चांगली. ती हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते, स्वस्त असते आणि कारखान्यातच तापवून मऊ केलेली असल्यामुळे बोटांनी वाकते. २० गेजची तार घ्यावी. तिची जाडी साधारण ०.९ मिलीमीटर भरते. हीच तार १८ गेजमध्येही मिळते, पण ती १.२ मिलीमीटर जाड असून तिच्या जुडीशी बोटांची झटापट होते. पांढरी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जीआय तार दिसायला स्वच्छ असली तरी तिला स्प्रिंगसारखा ताण असतो. वाकवली की थोडी परत येते आणि बारीक कामात हट्टीपणा करते. तांब्याची तार सर्वांत देखणी आणि मऊ, पण महाग. हात बसल्यावर तिच्याकडे वळावे.

आपल्याला ६५ सेंटीमीटर लांबीच्या ६४ तारा लागतील, म्हणजे एकूण ४१.६ मीटर. २० गेजच्या लोखंडी तारेचे वजन मीटरला साधारण ५.१५ ग्रॅम असते, त्यामुळे हे सव्वादोनशे ग्रॅमच्या आत बसते. पाव किलो घेतली की थोडी तार हाताशी उरते. तेवढीच तांब्याची तार सुमारे २४५ ग्रॅम भरेल. फाटे बांधण्यासाठी २६ गेजची बारीक तांब्याची तार आठ-दहा मीटर वेगळी घ्यावी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ती सुटी मिळते. तिच्यावर वार्निशासारखा लेप असतो. तो जाळून काढण्याचा प्रयत्न करू नये, त्याचा धूर घातक असतो, आणि बांधणीला त्या लेपाची अडचणही होत नाही. जीआय तारही कधी तापवू नये, कारण जस्ताच्या वाफा श्वासातून जाणे धोक्याचे आहे.

हत्यारे तीनच लागतात: एक साधी पक्कड, एक लांब चोचीचा नोज प्लायर आणि धारदार साइड कटर. कटरवर पैसे वाचवू नयेत. बोथट कटर तार कापण्याऐवजी चेमटवतो आणि चेमटलेले टोक कपड्यात, बोटात, सगळीकडे अडकते. डोळ्यांवर गॉगल हवाच. कापलेला तुकडा किती वेगाने उडतो याची कल्पना तो कपाळाला लागेपर्यंत येत नाही. कापताना सुटे होणारे टोक दुसऱ्या हातात धरावे किंवा जमिनीकडे करावे. काम संपल्यावर एखाद्या जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फरशीवरून फिरवले की अनवाणी पायांची चिंता मिटते. तांब्याचे तुकडे मात्र चुंबकाला लागत नाहीत, ते झाडूनच काढावे लागतात.

तार सरळ करणे

ही पायरी गाळण्याकडे सर्वांचा कल असतो आणि शिल्प बिघडते ते बहुधा इथेच. भेंडोळ्यातून निघालेल्या तारेला गोलाईची सवय असते. तशाच वाकड्या तारांची जुडी बांधली तर त्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये फटी राहतात आणि खोड फुगीर दिसते. तीन-साडेतीन मीटरचा तुकडा कापून त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला पक्के गुंडाळावे, दुसरे पक्कडीत धरावे आणि अंगाचा भार मागे टाकत हळूहळू ओढावे. सुरुवातीला तार नुसती ताणलेली वाटते. मग एका क्षणी ती किंचित ढिली झाल्यासारखी हाताला जाणवते. याचा अर्थ तार कणभर लांबली आणि तिची जुनी वळणे गेली. तिथेच थांबावे. झटका दिला तर ती तुटून उलट अंगावर येते, म्हणून गॉगल या पायरीलाही हवा आणि ओढणाऱ्याच्या मागे कुणी उभे नसावे. सरळ झालेल्या तारेचे ६५ सेंटीमीटरचे तुकडे करून फडक्याने पुसून घ्यावेत. काळ्या तारेवर तेलकट काजळी असते आणि ती पुढे लॅकर धरू देत नाही.

आधी वाटणी, मग वाकवणे

तारेला हात लावण्यापूर्वी वाटणी कागदावर पूर्ण करावी. चाफ्याच्या प्रत्येक टोकाला आपण चार तारा ठेवणार आहोत, म्हणजे ६४ तारांतून सोळा टोके निघतात. खोडाचे तीन फाटे समान करू नयेत. झाडात तसे क्वचितच असते आणि तीन सारखे फाटे स्टुलाच्या पायांसारखे दिसतात. २८, २० आणि १६ अशी वाटणी चांगली बसते. पुढे २८ चे १६ आणि १२ होतात, २० चे १२ आणि ८ होतात, १६ चे ८ आणि ८. बाराच्या प्रत्येक जुडीला तीन टोके, आठाच्या प्रत्येक जुडीला दोन, आणि २८ मधून निघालेल्या सोळाच्या जुडीचे आधी आठ-आठ करून मग चार टोके. बेरीज सोळा येते की नाही हे एकदा ताडून पाहावे. प्रत्यक्ष झाडाची नोंद याहून वेगळी असेल तर तीच प्रमाण मानावी. आकडे चारच्या पटीत राहतील एवढेच पाहावे.

या आकड्यांमागे एक जुने निरीक्षण आहे. एखाद्या उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाइतकी भरते, असे लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणवह्यांत नोंदवले होते. खऱ्या झाडांत हा नियम ढोबळमानानेच लागू पडतो, पण तारांच्या जुडीत तो आपोआप पाळला जातो, कारण एकही तार वाढत नाही की गळत नाही. ६४ तारांची घट्ट जुडी सुमारे ८ मिलीमीटर जाड होते. ३२ तारांची ५.६, १६ ची ४ आणि ८ ची २.८. तारा निम्म्या झाल्या तरी जाडी निम्मी होत नाही, ती सुमारे ०.७ पट राहते. फांद्या जोडून केलेल्या झाडात हे प्रमाण नजरेने साधावे लागते आणि ते बहुधा चुकते. वाटून केलेल्या झाडात ते निव्वळ मोजल्याने साधते.

खोड आणि पहिला फाटा

सगळ्या तारा टेबलावर ठोकून एका बाजूची टोके सारखी करावीत. ती बाजू मुळांची. टोकांपासून १२ सेंटीमीटरवर शाईची खूण करावी; तिच्याखाली मुळे, वर खोड. खोड ९ सेंटीमीटर पुरे. चाफ्याचे खोड आखूडच शोभते. जुडी आधी दोन-तीन ठिकाणी सुतळीने तात्पुरती आवळून घ्यावी.

आता पक्की बांधणी. बारीक तांब्याच्या तारेचे टोक जुडीच्या लांबीला समांतर, दोन सेंटीमीटर भरेल इतके ठेवावे आणि त्याच टोकावरून उलट येत वेढे घालावेत, म्हणजे सुरुवातीचे टोक वेढ्यांखाली आपोआप दबते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे. सहा-सात वेढे झाले की दुसरे टोक नोज प्लायरने शेवटच्या दोन वेढ्यांखाली सरकवून ओढावे, कापावे आणि चोचीने दाबून बसवावे. बोट फिरवून पाहिले तर काहीही टोचता कामा नये. खोडाच्या खालच्या खुणेवर एक आणि वर, फाट्याच्या लगेच खाली एक, अशा दोन बांधण्या कराव्यात.

बाजारात दिसणाऱ्या तारेच्या झाडांत खोडाला पीळ दिलेला असतो. त्यात काम लवकर होते आणि पकडही बसते, पण झाड दोरखंडासारखे दिसते आणि प्रत्येक फांदीचा पीळ डोळ्यांत भरतो. बांधणीच्या पद्धतीत तारा शेजारी-शेजारी सरळ धावतात आणि रेषा खोडापासून टोकापर्यंत अखंड राहते. माझ्या मते या कामाचे सौंदर्य नेमके तिथे आहे, म्हणून पीळ देण्याचा सोपा मार्ग घेऊ नये.

फाटा करताना तारा मोजून अलग कराव्यात, आणि त्या एकमेकींच्या शेजारच्याच निवडाव्यात. जुडीच्या पलीकडच्या बाजूची तार या फाट्यात ओढून घेतली तर ती बाकीच्यांना आडवी जाते, फाटा आवळला जातो आणि कितीही दाबले तरी नीट बसत नाही. अलग केलेली जुडी लगेच सुतळीने बांधावी, नाहीतर पुढचा फाटा मोजताना पहिल्यातल्या तारा परत मिसळतात. तिन्ही जुड्या वेगळ्या झाल्यावर वाकवायला सुरुवात करावी. बांधणीच्या अगदी वर अंगठा टेकवून, दुसऱ्या हाताने जुडी सावकाश बाहेर झुकवावी. पक्कडीने वाकवू नये. तिचे दात तारेवर उमटतात आणि ते पुसता येत नाहीत. वाकवण्यापूर्वी दिशा पक्की ठरवावी, कारण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार कडक होत जाते आणि शेवटी तुटते. तांब्याची तार अशी कडक झाली तर अंधाऱ्या जागी मंद लालसर दिसेपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा मऊ होते. लोखंडी तार मात्र तापवल्यावर हवेतच सावकाश निवू द्यावी.

पुढचे फाटे

इथून पुढे तेच काम लहान मापात करत जायचे. पहिल्या फाट्यानंतरची फांदी साधारण ८ सेंटीमीटर, पुढची ७, त्यापुढची ६. पण ही मापे काटेकोर पाळू नयेत, नोंदवहीत जिथे आखूड लिहिले आहे तिथे आखूडच ठेवावी. प्रत्येक फाट्याच्या आधी बांधणी, मग मोजणी, मग वाकवणे. सोळा तारांच्या फांदीला चार-पाच वेढे पुरतात, आठांना तीन.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टेबलावर झाड आडवे ठेवून काम केले की सगळे फाटे नकळत एकाच पातळीत येतात आणि झाड पंख्यासारखे चपटे होते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नवा फाटा आधीच्या फाट्याशी काटकोनात फिरवणे: एक डावीकडे-उजवीकडे फुटला तर पुढचा समोर-मागे. दोन फाटे झाले की झाड उभे धरून चारही बाजूंनी पाहावे. एखाद्या बाजूने दोन फांद्या एकमेकींच्या अगदी मागे लपत असतील तर त्यांतली एक थोडी फिरवावी. दर फांदीला बाहेर जाऊन वर चढणारे ते वळण द्यावे, आणि ते अंगठ्याने लांबीभर दाबत न्यावे, म्हणजे कोन न पडता बाक येतो.

टोके

चार तारांच्या टोकात तीन तारा फांदीच्या शेवटी सारख्या कापाव्यात आणि चौथी तशीच लांब ठेवावी. मग ती चौथी तार शेवटाकडून खाली, बाकीच्या तिन्हींवर घट्ट गुंडाळत यावी. दीड सेंटीमीटर गुंडाळण्यासाठी सुमारे पंधरा-सोळा सेंटीमीटर तार लागते. लांबी ६५ सेंटीमीटर घेतली ती यासाठीच. या वेढ्यांनी टोक जाड आणि बोथट होते आणि कापलेली टोके झाकली जातात. शिवाय देठांच्या वणांनी भरलेली चाफ्याची फांदी जशी खडबडीत भासते, तोच खडबडीतपणा इथे वेगळे काही न करता येतो. सगळी टोके सारख्या लांबीची गुंडाळू नयेत. काही सेंटीमीटरभर, काही दोन सेंटीमीटरपर्यंत असावीत.

बारीक फांद्यांचे झाड पुढे कधी करायचे असेल तर चारच्या टोकांचे दोन आणि मग एक करत सुट्या तारेपर्यंत जाता येते. असावा यांच्या शिल्पांची किनार अशीच विरत जाते. पण ६४ टोके नीट कापून त्यांची धार घालवणे हे चिकाटीचे काम आहे, आणि पहिल्या झाडात ते करू नये.

मुळे आणि तोल

खालच्या १२ सेंटीमीटरमध्ये ६४ तारांच्या पाच-सहा असमान जुड्या कराव्यात आणि अर्धा ते एक किलो वजनाच्या काळ्या दगडावर त्या पसरवाव्यात. दगड नदीतला गुळगुळीत घेतला तर मुळे घसरतात. खाचखळगे असलेला, हाताला खरखरीत लागणारा घ्यावा. प्रत्येक मूळ दगडाच्या कडेवरून खाली वळवून बोटाने दाबत त्याच्या अंगाला बसवावे, आणि दोन समोरासमोरची मुळे दगडाखाली एकमेकींत अडकवून पक्कडीने आवळावीत. दगडाखाली जाडसर लोकरी कापड चिकटवले की तो डुगडुगत नाही आणि टेबलावर ओरखडेही पडत नाहीत.

मग झाड सोडून पाहावे. ते एका बाजूला कलत असेल तर मुळे आणखी आवळण्याआधी फांद्यांकडे पाहावे. बहुधा २८ तारांची फांदी जास्त बाहेर गेलेली असते. ती थोडी वर उचलली किंवा समोरच्या फांदीचा पसारा वाढवला की तोल येतो. खोड मुद्दाम तिरपे ठेवायचे असेल तर मुळे कलण्याच्या विरुद्ध बाजूला लांब आणि कलण्याच्या बाजूला जाड असावीत. उघड्यावर वाऱ्याला तोंड देत उभ्या असलेल्या झाडांची मुळे अशीच पसरलेली दिसतात.

रंग, गंज आणि निगा

काळ्या तारेचा मूळ रंग चाफ्याच्या सांगाड्याला पुरेसा आहे. सोनेरी स्प्रे मारून त्याची शोभेची वस्तू करू नये. मात्र कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पहिल्याच पावसाळ्यात ती गंजते. त्यासाठी शिल्प पेट्रोलने नव्हे तर थिनर लावलेल्या फडक्याने पुसून, हवेशीर जागी, क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात मारावेत. एकच जाड हात मारला तर वेढ्यांमध्ये थेंब साचून चकाकतात. तांब्याच्या शिल्पाला हिरवट झाक हवी असल्यास ते व्हिनेगर आणि मीठ शिंपडून झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवावे. जो थर येतो तो विषारी असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. असावा यांनीही काही शिल्पे विद्युत विलेपनाच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याच्या, टाकीत बराच काळ ठेवून त्यांच्यावर झाडाच्या सालीसारखा खडबडीत थर चढवला होता, पण ते कारखान्यात करायचे काम आहे.

शिल्पाची जागा निवडताना मागे पांढरी, मोकळी भिंत असावी आणि उजेड एकाच दिव्याचा, बाजूने येणारा असावा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात तारेची सावलीच पडत नाही, आणि असावा यांच्या प्रदर्शनांत भिंतीवरच्या सावल्यांचे वजन शिल्पाइतकेच असते. दिवा भिंतीपासून दूर आणि शिल्प भिंतीजवळ ठेवले तर सावली रेखीव पडते. शिल्प पुढे आणले तर ती मोठी पण पुसट होते. धूळ रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने खोडाकडून टोकांकडे झटकावी. उलट दिशेने झटकले तर ब्रशचे केस वेढ्यांत अडकतात. झाड हलवताना नेहमी दगडाखाली हात घालून उचलावे, खोडाला धरून कधीही नाही, कारण त्याने खालची बांधणी ढिली होते आणि ती पुन्हा आवळण्यासाठी सगळी मुळे सोडावी लागतात.